खुंट्याची जागा

विमान जमिनीला टेकलं की धोका संपला, अशी माझी समजूत होती. माझ्या मुलीने मला आधी सांगितलं होतं, की पप्पा, हवेत ते शहाणं असतं, जमिनीवर आलं की बिघडतं. पूर्ण थांबेपर्यंत पाय ढिले सोडायचे नसतात, कारण जमिनीवर त्याला वळवायचं ते पायांनीच. मी मान डोलावली होती. लक्ष माझं तिच्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे होतं.

ती तेव्हा बावीस वर्षांची होती. खासगी वैमानिकाचा परवाना हातात होता आणि नोकरीसाठी जो पुढचा परवाना लागतो त्याच्यासाठी ती उड्डाणाचे तास भरत होती. तिच्या प्रशिक्षण संस्थेने त्या हिवाळ्यात दोन लहान विमानं श्रीगोंदा तालुक्यातल्या एका जुन्या धावपट्टीवर आणून ठेवली होती. कुठल्याशा साखर कारखान्याने कधीकाळी बांधलेली, मग बरीच वर्षं पडून राहिलेली ही पट्टी. डांबर जागोजागी तडकलेलं. एका अंगाला तारेचं कुंपण होतं, दुसऱ्या अंगाचं कुंपण लोकांनी केव्हाच काढून नेलेलं. त्या उघड्या अंगाला उसाचे फड होते आणि फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपड्या.

मी मोजणी खात्यात आहे. शेतं मोजायची, हद्द दाखवायची, नकाशा करून द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे कुठेही गेलो तरी हद्द कुठून जाते हे मी आधी बघतो. त्या दिवशीही बघितली. उघड्या बाजूला हद्दीचे दगड शाबूत होते, गुडघ्याएवढे, चुना लावलेले. दगडांच्या पलीकडे एका बाभळीखाली दोन बैल खुंट्याला बांधले होते, एक पांढरा आणि एक तांबूस. शेजारी बैलगाडी जू टेकवून उभी होती. हे मी उतरल्या उतरल्या पाहिलं. पुढे त्याला महत्त्व आलं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

केडगावहून आम्ही तिघे गेलो होतो, मी, माझी थोरली बहीण आक्का आणि तिचे यजमान. त्यांना आम्ही दाजी म्हणतो. दाजींचं बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे आणि आम्ही त्यांच्याच टेम्पोतून गेलो. माझी पत्नी नर्स आहे, तिला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. तिच्या पाळ्या आणि माझे दौरे यांमुळे मुलगी दहावीपर्यंत आक्काच्याच घरी जेवली, झोपली, अभ्यासाला बसली. वेणी घालायला आक्का, शाळेत भांडायला आक्का. त्यामुळे विमान दाखवायला न्यायचं ठरलं तेव्हा पहिला मान कुणाचा, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

मानकरीण तयारीनिशी आली होती. पिशवीत नारळ, हळदकुंकू, झेंडूचा हार, लिंबं, मिरच्या. आमच्या घरात आलेलं एकही वाहन आक्काच्या हाताशिवाय रस्त्यावर गेलेलं नाही. दाजींचा टेम्पो, माझी स्कूटर, भाच्याचा ट्रॅक्टर, सगळ्यांना तिने चाकाखाली लिंबू ठेवलेलं आहे आणि पुढे लिंबू-मिरची बांधलेली आहे. विमानाच्या नाकावर तिने स्वस्तिक काढलं, पंख्याला हार घातला आणि पुढच्या चाकाच्या दांडीला लिंबू-मिरची बांधली. मुलगी हसत हसत ओवाळून घेत होती. झाल्यावर म्हणाली, "आत्या, आता हे सगळं काढावं लागेल हं."

"टेम्पोला चालतं, ट्रॅक्टरला चालतं," आक्का म्हणाली. "तुझ्याच इमानाला काय काटं आल्यात?"

मुलीने हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला, कुंकू फडक्याने पुसलं, लिंबू-मिरची सोडून आक्काच्या हातात दिली. मग विमानाभोवती फिरून एकेक वस्तू हाताने चाचपली. असं करावंच लागतं, प्रत्येक वेळी. आक्का ते लिंबू हातात धरून बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. दाजी तिला चिडवत म्हणाले, की भाचीने तुझी पूजा परत केली, आता ते सरबताला वापर.

मुलगी शेडमध्ये नोंद करायला गेली. मी हद्दीच्या दगडांकडे रेंगाळत गेलो. तेवढ्यात आक्काने टेम्पोतून बांधकामाची तार घेतली, सळया बांधायला वापरतात ती काळी, मऊ तार, आणि लिंबू-मिरची पुन्हा बांधली. या खेपेला त्याच दांडीला, पण खाली, मागच्या अंगाला, पटकन दिसणार नाही अशी. आणि दोऱ्याऐवजी तारेने, म्हणजे वाऱ्याने पडायला नको. हे मी पाहिलं नाही. तिनेच नंतर सांगितलं, सांगताना हात कसे फिरवले तेही दाखवलं.

मग मुलगी मला शेजारी बसवून विमान वर घेऊन गेली. तो वरचा वेळ मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. घोड नदी मी ओळखली. कालवा ओळखला. मी स्वतः साखळी ओढून मोजलेलं एक गावठाण तळहाताएवढं दिसलं. मुलीने विचारलं, कसं वाटतंय, आणि मी म्हणालो, की बांध फार कोरलेत लोकांनी. ती इतकी हसली की विमान हलल्याचा मला भास झाला.

उतरताना वारा डाव्या अंगाने होता. ती ते स्वतःशी पुटपुटत होती. मागची दोन चाकं इतकी अलगद टेकली की मी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. मग नाक खाली आलं, पुढचं चाक डांबराला लागलं, आणि विमानाने डावीकडे हिसका मारला. मुजोर बैल मान झटकून कासरा हातातून ओढून घेतो, तसा. तिने उजवा पाय दाबला. तो अर्ध्यावर जाऊन अडला. पाठ आसनापासून सुटेपर्यंत तिने जोर लावला, मांडी थरथरताना मला दिसली.

"जात नाही," ती म्हणाली. "पप्पा, जात नाही."

तिने इंजीन बंद करायला हात टाकला आणि उजव्या ब्रेकवर उभी राहिली. टायर किंचाळला. क्षणभर नाक उजवीकडे आलं आणि मग दुप्पट जोराने डावीकडे गेलं. माझ्या बाजूचा पंख, म्हणजे उजवा, खाली बसला आणि त्याचं टोक डांबरावर खरवडत निघालं. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. पट्टी आमच्या समोरून बाजूला सरकली, समोर आभाळ, मग ऊस, मग बाभूळ. आम्ही तिरके, जवळपास आडवे घसरत होतो आणि वेग काही कमी होत नव्हता. डांबराची कड ओलांडताना डोकं छताला आपटलं. मग पुढचं चाक दगडावर बसलं. तो हद्दीचा दगड होता. चाक तुटलं, नाक खाली गेलं आणि अजून फिरत असलेला पंखा पांढऱ्या बैलाच्या मागच्या अंगात घुसला.

काच लाल झाली. एकदम, बादली फेकावी तशी. मला वाटलं ते रक्त माझ्या मुलीचं आहे.

पंखा मातीत रुतून तुटला. शेपटी वर उचलली गेली, पडली, डावा पंख बैलगाडीवर आदळून गाडीचं जू मोडलं, आणि सगळं थांबलं. थांबल्यावर पहिल्यांदा पेट्रोलचा वास आला, आणि मग हंबरणं. बैल असा हंबरतो हे मला माहीत नव्हतं.

मुलगी पट्ट्यात लोंबकळत होती. कपाळ फुटलं होतं, डावा खांदा भलत्याच जागी उतरला होता. शुद्धीवर होती. ती पाय ओढत होती आणि पाय निघत नव्हता. पेडल वाकून त्याच्यात बूट अडकला होता. माझा पट्टा मी सोडवला होता आणि तिच्या पट्ट्याचं बक्कल दाबत होतो, ते उघडत नव्हतं. माझ्या तोंडात दाताचा तुकडा होता. मी तो थुंकला आणि पुन्हा बक्कल दाबलं. पंखातून पेट्रोल ठिबकत होतं आणि पलीकडच्या तोडलेल्या फडात कुणीतरी उसाचं वाळकं पाचट पेटवलेलं होतं. धूर आमच्या दिशेने होता. वारा त्याच अंगाचा.

फडातून माणूस पळत आला. त्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. त्याने आधी बैलाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि दार उपसून काढलं. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला खरोखर वाटलं, की हा आता हिला मारणार. मी तिच्यावर आडवा पडलो. त्याने माझी मान धरून मला बाजूला केलं आणि कोयता घातला. खांद्याचा पट्टा एका घावात गेला, कमरेचा दोन घावांत. मग कोयता टाकून तो आत वाकला, तिची पोटरी धरली आणि पाय बुटातून ओढून काढला. ती तेव्हा पहिल्यांदा ओरडली. त्याने तिला ओढत, फरपटत दूर नेलं, बाभळीच्याही पलीकडे, उभी केली, आणि उलट्या हाताने थोबाडीत मारली.

"डोळं हुतं का न्हाई तुला?" तो म्हणाला.

ती पडली. मोडक्या खांद्यावरच पडली. मी त्याच्यावर धावून गेलो, दोन्ही हातांनी ढकललं. त्याने मला असं ढकललं की मी काट्यात जाऊन बसलो. तो पुन्हा तिच्याकडे वळला तेव्हा एका बाईने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. ती त्याची बायको होती. ती मिठी सोडत नव्हती आणि तो तिला अंगाबरोबर ओढत होता. बैल पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होता. मागचा एक पाय नुसत्या कातड्याने धरून होता. उठायचा, कोसळायचा. शेवटी त्या माणसाने मुलीचा नाद सोडला आणि बैलाची मान मांडीवर घेऊन मातीत बसला. तांबडा बैल दावं तोडून फडात पळाला होता.

मुलगी मला म्हणाली, "पप्पा, त्यांना काही बोलू नका."

या सगळ्यात डोक्यावरून एकसारखा आवाज येत होता. संस्थेचे मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या एका विद्यार्थ्याला घेऊन दुसऱ्या विमानात होते. त्यांनी वरून सगळं पाहिलं होतं. पण कोप्यांतली माणसं, बाया, पोरं धावपट्टीवर जमा झाली होती, त्यामुळे त्यांना उतरता येईना. ते घिरट्या घालत होते. काही गड्यांनी उसाच्या शेंड्यांचे ओले वाढे घेऊन पाचटाची आग झोडपून विझवली, पट्टीचा रखवालदार शिट्टी मारत माणसं हाकलत होता. अँब्युलन्सला फोन झाला होता. आक्का पळत आली ती मुलीपाशी बसली आणि पदराने तिचं कपाळ दाबून धरलं.

दाजी कुठे दिसेनात. मी पाणी आणायला टेम्पोकडे निघालो तेव्हा ते दिसले. तुटलेलं पुढचं चाक दगडापाशी पडलं होतं आणि दाजी त्याच्यावर वाकले होते. त्यांनी चाकाच्या दांडीतून काहीतरी उलगडलं, ओढलं आणि पँटच्या खिशात टाकलं. मला वाटलं, मुलीची काही वस्तू असेल. पाणी घेऊन परत येत होतो तर ऊसतोड माणसाची बायको माझ्या आडवी आली.

"सायेब," ती म्हणाली, "तुमच्या मानसानं आमचा खुटा उपटला."

मला कळेना. तिने हात केला. दगडांच्या आतल्या अंगाला, डांबराच्या कडेला लागून, दाजी आणि रखवालदार होते. रखवालदार धोंड्याने बाभळीचा एक खुंटा जमिनीत ठोकत होता. खुंट्याला तुटलेलं दावं होतं.

मी बाभळीखाली गेलो. बैल, माणूस, रक्त, मोडकी गाडी, आणि त्यांच्यामध्ये एक भोक. खुंटा हलवून हलवून काढला की जमिनीत राहतं तसं, तोंडाशी रुंद झालेलं, आत ओलसर. आजूबाजूला शेणाचे पो आणि वैरणीचा चुरा. बैल रोज इथेच बसत होते, हे सांगायला कागद लागत नव्हता. मी उभी हयात असे दगड आणि अशी भोकं बघितली आहेत. रातोरात हद्दीचा दगड सरकवणारे सगळे एक गोष्ट विसरतात, की दगड नेता येतो पण त्याची जागा नेता येत नाही.

मी दाजींना विचारलं, हे काय चाललंय.

"बैल पट्टीवर आला," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरीने त्याला वाचवायला विमान वळवलं. एवढंच बोलायचं. रखवालदारही तेच सांगंल."

मी म्हणालो, की बैल बाहेर होता, माझ्या डोळ्यांनी बघितलाय. दाजींनी खिशातून तार काढली. ती चुरगळलेली होती, तिला मिरचीचं देठ आणि लिंबाची साल चिकटलेली होती. त्यांनी मला ती मुठीतल्या मुठीत दाखवली आणि परत ठेवली.

"तुझ्या बहिणीनं बांधली ही," ते म्हणाले. "वळायच्या दांडीत गुंतली हुती. आता बोल. पोरीचं लायसन जाऊ द्यायचं, का आक्काला जन्मभर रडवायचं? बैल मेल्यात जमा हाय. तो काय साक्षीला येणार हाय?"

मला हे मान्य केलं पाहिजे, की दाजी स्वतःसाठी काही करत नव्हते. त्या दोघींसाठी करत होते. पण खुंटा आत ठोकला की दोष त्या माणसाचा होत होता. कारखान्याच्या पट्टीवर जनावर बांधलं म्हणून टोळीच्या मुकादमाने त्याला त्याच दिवशी हाकललं असतं, आणि मेलेल्या बैलाचं कुणी नाव काढलं नसतं. एका बैलावर गाडी चालत नाही.

मी खुंट्याला हात घातला. दाजींनी माझं मनगट धरलं. मी त्यांची गचांडी धरली. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. लग्नात ज्यांचे पाय मी धुतले, त्यांची. रखवालदार बाजूला सरला. आम्ही दोघे पन्नाशीच्या पुढचे, एकमेकांना ओढत, फाडत, धापा टाकत. खुंटा मी उपटला, त्यांनी तो माझ्या हातून हिसकला आणि त्याचा फटका माझ्या मनगटावर बसला. मुद्दाम मारला की ओढाताणीत लागला, हे मला आजही सांगता येणार नाही. हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला. त्यांच्या हातून खुंटा पडला.

तोवर माणसं हटली होती आणि दुसरं विमान उतरलं होतं. प्रशिक्षक पळत आले. साठीचे गृहस्थ, पूर्वी सैन्यात असलेले. त्यांनी आधी मुलीच्या डोळ्यांत बघितलं, बोटं हलवायला लावली, पायाला चिमटा काढला. मग विमानाकडे जाऊन काही बंद केलं. परत येऊन त्यांनी विचारलं, काय झालं.

दाजी पुढे झाले. त्यांचा शर्ट खांद्यावर फाटला होता. ते म्हणाले, की बैल आडवा आला साहेब, आम्ही सगळ्यांनी बघितलं, एकाएकी पट्टीवर आला. ऊसतोड माणसाने हे ऐकून मान वर केली. बैलाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो उठू शकत नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी मुलीचा आवाज आला.

"बैल त्याच्या जागेवर होता," ती म्हणाली. "आम्ही त्याच्यावर गेलो."

प्रशिक्षक तिच्यापाशी खाली बसले. "उजवा पाय दिलास का?"

"दिला. अर्ध्यावर अडला. पुढच्या चाकाला तार होती."

"तुला कसं माहीत?"

"दिसली होती," ती म्हणाली. "विमानात चढताना दिसली होती. आत्यांनी परत बांधली होती. मी वाकले पण होते. मग आत्यांचा चेहरा बघितला आणि राहू दिली."

आक्काचा हात अजून तिच्या कपाळावर होता. तो तसाच राहिला. मग तिने तो काढून घेतला, दोन्ही हात जमिनीवर आपटले, एकदा, दोनदा, मोजता येणार नाही इतक्यांदा, बांगड्या फुटून मनगटात शिरल्या तरी. मी एका हाताने तिला धरायला गेलो तर तिने मला झिडकारलं. शेवटी त्या ऊसतोड माणसाच्या बायकोने तिला मागून धरलं, नवऱ्याला धरलं होतं तसंच, कमरेला मिठी मारून.

दाजींनी खिशातली तार काढून प्रशिक्षकांच्या हातात दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली.

जनावरांचे डॉक्टर अँब्युलन्सच्या आधी आले. त्यांनी इंजेक्शन दिलं. मान जड होईपर्यंत तो माणूस बैलाच्या कानामागे खाजवत होता. मुलीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिने स्ट्रेचर थांबवायला सांगितलं आणि त्याला म्हणाली, की काका, चूक माझी आहे. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "व्हय. तुजीच हाय." एवढंच. तिला मारल्याबद्दल त्याने माफी मागितली नाही, आणि त्याने ती मागावी असं आमच्यातल्या कुणालाही वाटलं नाही.

जाण्याआधी मी एक काम केलं. मोडका हात गळ्यात बांधून, रखवालदाराला टेप धरायला लावून, दगडापासून त्या भोकापर्यंतचं अंतर मोजलं. हद्दीच्या बाहेर चार मीटर दहा सेंटीमीटर. टायरचा काळा माग कुठे वळायला लागला तेही मोजलं. तो बाभळीच्या कितीतरी आधी वळला होता. त्यावरून मी केलेला कच्चा नकाशा पुढे चौकशीत जोडला गेला. बैल हद्दीबाहेर होता म्हणून विमानाच्या विम्यातून त्या माणसाला बैलाची भरपाई मिळाली. आत असता तर मिळाली नसती, असं चौकशीच्या माणसाने स्पष्ट सांगितलं.

तारेमुळेच झालं, असं अहवालात ठाम लिहिलेलं नाही. तार, डावीकडचा वारा आणि उड्डाणापूर्वीची अपुरी तपासणी, असं तिन्ही मिळून लिहिलं आहे. शेजारच्या आसनापुढेही पेडल असतात, त्यांच्यावर माझे पाय होते का, हेही मला विचारलं. नव्हते. मी ते आसनाखाली ओढून बसलो होतो. मुलीने जे बैलापाशी सांगितलं तेच तिथे सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे नाही. तिचं उडणं काही महिने बंद झालं. ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, आणि ती स्वतः त्याबद्दल बोलत नव्हती. खांदा जुळला. घरात ती जिना उतरताना उजवा पाय आधी टाकून, जोर देऊन बघायची. हे मला आणि तिच्या आईला दिसायचं.

आक्का चार महिने आमच्याकडे आली नाही. आली तेव्हा मुलीनेच तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. आक्का आता कुठल्याही वाहनाला काही बांधत नाही. दाजींनी नवा टेम्पो घेतला तेव्हा लिंबू-मिरची त्यांनी स्वतः बांधली, आणि माझ्याकडे बघून दोऱ्यानेच बांधली. माझ्याशी ते बोलतात. माझं मनगट पावसाळ्यात दुखतं, हे मी त्यांना सांगत नाही.

पुढच्या हिवाळ्यात प्रशिक्षकांनी तिला पुन्हा शेजारी बसवून उडवलं, आठवडाभर, आणि मग परवानगी दिली. पहिल्यांदा मला घेऊन जाईन, असं ती म्हणाली. पट्टी तीच. उघड्या बाजूला आता कुंपण होतं. कोप्यांमध्ये दुसरी माणसं होती. आक्का आली होती, पण विमानाजवळ आली नाही. मुलगी पुढच्या चाकापाशी बसली, दांडी वरून खाली चाचपली, मागून चाचपली आणि हाक मारली, "आत्या, या. तुम्हीही हात लावून बघा."

"मी न्हाई बाई चाकाला शिवत," आक्का लांबूनच म्हणाली.

या खेपेला मी घोड नदीकडे बघितलं नाही. तिच्या पायांकडे बघत होतो. मागची चाकं टेकली. नाक खाली आलं. पुढचं चाक लागलं तेव्हा माझी जीभ त्या तुटक्या दातावर गेली. विमान किंचित डावीकडे ओढलं गेलं. तिने उजवा पाय दिला. पाय पूर्ण गेला. विमान सरळ झालं, धावलं, मंद झालं आणि थांबलं. थांबल्यावरही तिचे पाय पेडलवरून निघत नव्हते. मी बाहेर बघितलं. बाभूळ होती. तिच्याखाली गवत वाढलं होतं आणि भोक बुजलं होतं.

"पप्पा, तुम्ही उतरा," ती म्हणाली. "मला एकटीला एक चक्कर मारायचीय."

मी उतरलो, वाकून पुढचं चाक एकदा बघितलं आणि हद्दीच्या दगडापाशी जाऊन आक्काच्या शेजारी उभा राहिलो.